प्रेअरीवर माहितीपट करायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही तिघांनी मिळून अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, कधीच नांगर न लागलेल्या प्रेअरीच्या एका छोट्या तुकड्यावर माहितीपट केला. पाठीशी वाहिनी नव्हती, स्टुडिओ नव्हता. माहितीपट दाखवून झाला की दर वेळी तेच प्रश्न येतात. काही कॅमेऱ्याबद्दल, काही पैशांबद्दल आणि बरेचसे 'एवढं काय आहे त्या गवतात?' या छापाचे. उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे. प्रश्न ज्या भाषेत आले त्याच भाषेत ठेवलेत.

प्रेअरी म्हणजे गवताळ माळच ना?

माळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुरमाड जमीन आणि खुरटं गवत येतं. उंच गवताची प्रेअरी तशी नसते. तिथलं मुख्य गवत म्हणजे बिग ब्लूस्टेम. चांगल्या पावसाच्या वर्षी ऑगस्टअखेर ते आठ फुटांपर्यंत जातं, उंच माणूससुद्धा त्यात दिसेनासा होतो. जमीन खोल आणि काळीभोर. वजनाने गवत जास्त असलं तरी प्रजाती मोजायला बसलात तर गवतं थोडी आणि फुलझाडं ढीगभर भरतात. आणि या सगळ्या वनस्पतींचा निम्म्याहून जास्त भाग जमिनीखाली असतो. म्हणजे कॅमेऱ्याला दिसते ती प्रेअरी अर्धीसुद्धा नाही. आमचं अर्धं डोकं याच अडचणीत गेलं.

दुर्मीळ कसली? हायवेच्या कडेला मैलोन्मैल गवतच असतं की.

ते बहुतेक युरोपातून आलेलं ब्रोम किंवा फेस्क्यू असतं. त्याच्या पलीकडे मका आणि सोयाबीन. उत्तर अमेरिकेत उंच गवताची प्रेअरी एके काळी सुमारे १७ कोटी एकरांवर होती, आज ४ टक्क्यांहूनही कमी उरली आहे. आयोवात तर हजारातला एक हिस्सासुद्धा शिल्लक नाही. इलिनॉयचं टोपणनावच 'प्रेअरी स्टेट', आणि तिथे मूळच्या २.२ कोटी एकरांपैकी चांगल्या अवस्थेतली प्रेअरी १९७० च्या दशकातल्या पाहणीत जेमतेम २,३०० एकर सापडली. हिशेब केला तर दहा हजार एकरांमागे एक एकर.

हे झालं कसं, तर प्रेअरीनेच तयार केलेल्या मातीमुळे. ती माती इतकी चिकट की बिडाच्या नांगराला चिकटून बसायची आणि शेतकऱ्याला दर काही पावलांवर थांबून फाळ खरवडावा लागायचा. १८३७ मध्ये इलिनॉयमधल्या ग्रँड डिटूर गावी जॉन डिअर या लोहाराने गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर बनवला. त्याला माती चिकटेना. पुढे दलदलीच्या जागांतलं पाणी काढून टाकायला जमिनीखाली मातीचे पाइप घातले गेले. एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढ्या काळात बहुतेक सगळं शेताखाली गेलं.

मग उरली ती कुठे?

जिथे नांगर पोचला नाही तिथे. कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये चुनखडी आणि गारगोटीचा थर इतका वर आहे की फाळ चालेना, म्हणून तिथे गुरं चारली गेली आणि प्रेअरी वाचली. आज सलग पट्टा बघायचा तर तिथेच, किंवा त्याला लागून ओक्लाहोमाच्या ओसेज टेकड्यांत. टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्ह १९९६ मध्ये स्थापन झालं तेही फ्लिंट हिल्समध्येच, जवळपास ११ हजार एकरांचं.

बाकी ठिकाणी उरले ते तुकडे. रेल्वे रुळांच्या कडेचा पट्टा, शेतं व्हायच्या आधीच तो कुंपणात गेला म्हणून. आणि सुरुवातीच्या वसाहतकारांच्या दफनभूमी. नांगरणाऱ्यांनी आपल्या मेलेल्यांसाठी कोपऱ्यातला एखादा एकर राखून ठेवला, आणि त्याबरोबर नकळत प्रेअरीही राखली गेली. आमचा तुकडा याच जातीचा.

एवढ्याशा तुकड्यावर तासाभराचा माहितीपट? कंटाळा नाही येत?

बघणाऱ्याला येऊ नये म्हणून करणाऱ्याला आधी यावा लागतो. आम्हाला पहिले तीन महिने चिक्कार आला.

तरीही लहान जागा निवडाच. फ्लिंट हिल्ससारखी जागा घेतली की दृश्यं आपोआप भव्य येतात, सूर्यास्त होतो, माणूस खूश होतो आणि माहितीपटात काहीच उरत नाही. पाच एकरांत पळवाट नसते. तीच झाडं, तोच उतार, त्याच दगडांवरची पुसट नावं. मग कुठलं फूल कोणत्या आठवड्यात येतं, त्यावर कुठली माशी बसते, शेजारच्या शेतात फवारणी झाली की काय होतं, हे नाइलाजाने दिसायला लागतं.

पहिल्याच दिवशी कॅमेरा लावला, पण फ्रेममध्ये काहीच येईना. काय चुकलं?

काही नाही. सगळ्यांचं असंच होतं. जंगलात झाडाचा खोड मिळतो, डोंगरात कडा मिळतो, नजर कशावर तरी टेकते. प्रेअरीत नजर टेकायला जागा नसते. डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा ठेवला की खाली एक हिरवा पट्टा, वर एक निळा पट्टा. सुंदर असतो, पण दोन मिनिटांत संपतो.

आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, खाली बसलो. अक्षरशः. कॅमेरा गुडघ्याच्या खाली नेला की गवताच्या काड्या खांबांसारख्या उभ्या राहतात आणि त्यांच्यामधून आत बघता येतं. मागून प्रकाश आला की कंपास प्लँटचं रुंद पान शिरांसकट उजळतं. या झाडाची पानं आपल्या कडा उत्तर-दक्षिण धरून उभी राहतात, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी ऊन थेट पानाच्या अंगावर येतं. आमचं सकाळचं वेळापत्रक या एका झाडाने ठरवून दिलं.

दुसरी गोष्ट, एकच फ्रेम पुन्हा पुन्हा घेतली. कुंपणाच्या एका खांबावर खूण केली, ट्रायपॉडची उंची आणि लेन्सचा आकडा वहीत लिहिला, आणि दर आठवड्याला तिथूनच तोच शॉट. एप्रिलमध्ये मुद्दाम लावलेल्या जाळाची काळी राख. मेमध्ये शूटिंग स्टारची खाली मान घातलेली फुलं. जूनमध्ये फिकट जांभळे कोनफ्लॉवर, जुलैत ब्लेझिंग स्टारचे जांभळे तुरे, ऑगस्टमध्ये गवत पोटरीला येऊन फुलतं, ऑक्टोबरमध्ये सगळं तांबूस. जागा हलत नाही, पण काळ हलतो. संकलनाच्या टेबलावर कळलं की माहितीपटाचा कणा हाच आहे आणि आम्ही बाकी जे काही केलं ते त्याला लटकवायचंय.

म्हणजे एक वर्ष पुरे?

कमीत कमी दोन. पहिलं वर्ष काय कधी होतं ते कळण्यातच जातं, त्या वर्षीचे अर्धे प्रसंग चुकतात. शिवाय दर वर्ष वेगळं असतं. कोरड्या वर्षी गवत कमरेपर्यंतच येतं.

नियंत्रित जाळ चित्रित करायचा आहे. कसं करावं?

माहितीपट प्रेअरीवरचा असेल आणि त्यात आग नसेल तर तो अपुरा. पण 'आगीने जंगल जळतं' या समजुतीच्या नेमकं उलटं इथे समजावून सांगावं लागतं. गवताचे वाढीचे कोंब जमिनीच्या पातळीला किंवा खाली असतात, झाडाझुडपांचे वर उघड्यावर असतात. वरून आग गेली की गवताचं काही बिघडत नाही आणि ईस्टर्न रेड सीडरसारखं घुसखोर झाड मरतं. काळी झालेली जमीन उन्हाने लवकर तापते आणि नवे कोंब लवकर फुटतात. ओसेज, कॉ आणि इतर अनेक मूळनिवासी समाज शतकानुशतकं हे गवत जाळत आले. आग बंद झाली की काही दशकांत प्रेअरीचं झुडपी रान होतं. कॅन्ससमधल्या कोंझा प्रेअरी केंद्रात १९८० पासून हाच अभ्यास चालला आहे. तिथे कुठलं पाणलोट क्षेत्र किती वर्षांनी जाळायचं हे ठरलेलं असतं, त्यामुळे दर वर्षी जळणारं आणि वर्षानुवर्षं न जळालेलं गवत शेजारी शेजारी बघायला मिळतं. शब्द न वापरता मुद्दा सांगायचा असेल तर असा शॉट दुसरा नाही.

आता प्रत्यक्ष. जाळाची तारीख कुणी देत नाही. वारा किती, कोणत्या दिशेचा, हवेत दमटपणा किती हे बघून त्याच सकाळी ठरतं. आमचा पहिला हंगाम याच्यातच गेला. गाडी भरून ठेवायची, फोन यायचा, 'आज वारा वळलाय, नाही.' असं चार वेळा झालं आणि गवत हिरवं व्हायला लागलं. हंगाम संपला. जाळच मिळाला नाही.

दुसऱ्या वर्षी त्या हिवाळ्यातच आम्ही आग हाताळण्याचं प्राथमिक प्रशिक्षण घेतलं. सगळीकडे ते मागतातच असं नाही, पण आपण पाहुणे राहत नाही, टोळीतले होतो, आणि टोळीतल्या माणसाला आधी फोन जातो. काही गोष्टी जिवाच्या आहेत म्हणून स्पष्ट सांगतो. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा कपडा अंगावर नको, तो वितळून कातडीला चिकटतो. आगरोधक किंवा निदान जाड सुती कपडे, चामड्याचे बूट. उभं राहायचं ते 'काळ्यात', म्हणजे आधी जळून गेलेल्या भागात. वाऱ्याच्या विरुद्ध सरकणारी आग हळू जाते, तिच्याजवळ काम करता येतं. वाऱ्याबरोबर धावणारी आग माणसाला मागे टाकते, ती लांबूनच, लांब लेन्सने. जाळाच्या प्रमुखाने 'हल' म्हटलं की शॉट अर्धा टाकून हलायचं. आणि एक माणूस असा ठेवा ज्याच्या हातात कॅमेरा नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा असलेल्या माणसाला आपल्या मागे काय चाललंय ते कळत नाही, आणि आग तर बघायला फार सुंदर असते.

सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला शॉट मात्र ज्वाळांचा नाही. जाळानंतर दहाव्या दिवशी राखेतून वर आलेल्या हिरव्या सुयांचा आहे.

प्रेअरी चिकनचा नाच बघायला मिळाला का?

मिळाला, पण दुसऱ्या राज्यात. आमच्या तुकड्यात तो पक्षी असणं शक्यच नाही, त्याला मोठा सलग माळ लागतो. मार्चअखेर ते एप्रिल, पहाटे नर ठरलेल्या मोकळ्या जागी जमतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या नारिंगी पिशव्या फुगवतात, पाय आपटतात आणि रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यासारखा खोल आवाज काढतात. शांत हवेत तो मैलभरावरून ऐकू येतो. माद्या येतात, फिरून बघतात, आणि बहुतेक सगळ्या एकदोन नरांनाच निवडतात.

म्हणूनच लपणात बसण्याचे नियम कडक आहेत. अंधार असतानाच, सूर्योदयाच्या पाऊण तास तरी आधी आत जायचं आणि शेवटचा पक्षी उडेपर्यंत बाहेर यायचं नाही. थंडी, पोटात कळ, काहीही. मादी वर्षातून मोजक्याच सकाळी येते. आपल्या खोकल्याने ती उडाली तर त्या दिवसाचं सगळं फुकट.

या पक्ष्याची इलिनॉयमधली हकिगत स्वतंत्र माहितीपटाच्या तोडीची आहे. १९६२ मध्ये तिथे सुमारे २,००० उरले होते, १९९४ पर्यंत पन्नासहूनही कमी. अधिवास राखूनही संख्या घसरतच होती, कारण आपापसातल्या प्रजननाने अंडी नीट उबेनात. मग मिनेसोटा, कॅन्सस आणि नेब्रास्कातून पक्षी आणून सोडले आणि अंडी पुन्हा उबायला लागली. नुसती जमीन राखून भागत नाही, हे इतक्या थोडक्यात सांगणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. याचाच पूर्वेकडचा भाऊबंद, हीथ हेन, १९३२ नंतर कुणाला दिसला नाही.

बायसन म्हणजे आपला गवाच ना?

नाही. आपल्याकडे गव्याला बायसन म्हणायची सवय इंग्रज शिकाऱ्यांनी लावली. प्राणी वेगळा. अमेरिकन बायसन कोट्यवधींच्या संख्येत होते, १८८० च्या दशकाअखेर हजाराच्याही खाली आले. आता ओसेज टेकड्यांत १९९३ मध्ये, आणि इलिनॉयमधल्या दोन राखीव प्रेअरींत, नाचुसाला २०१४ मध्ये आणि मिडेविनला २०१५ मध्ये, ते परत आणले गेले. मिडेविनच्या जागी आधी दारूगोळ्याचा कारखाना होता. बंकरांमधून चरणारे बायसन, दृश्य म्हणून आयतंच.

बायसन दिसतो गरीब, धावतो ताशी ३५ मैलांनी. शेपूट वर गेलं की शॉट संपला असं समजा. गाडीतूनच शूट करा.

जमिनीखालची मुळं कशी दाखवलीत? खणलंत?

मूळ प्रेअरीत कुदळ लावायची नाही. कुणी परवानगी देणार नाही आणि मागूही नये. नेब्रास्का विद्यापीठातले जॉन वीव्हर यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात प्रेअरीत खंदक खणून मुळांची मापं घेतली आणि बारकाईने रेखाटली. आम्हाला त्यावरून सुचलं. आमच्या संकलकाच्या बहिणीने कोळशाने मुळं काढली, कागद भिंतीवर वरून खाली लावत गेली आणि कॅमेरा हळूहळू खाली उतरत गेला. कंपास प्लँटचं मूळ पंधरा फुटांपर्यंत जातं, त्यामुळे तिला जिन्यात काम करावं लागलं. प्रेक्षक याच शॉटबद्दल सगळ्यात जास्त विचारतात, आणि तो आमच्याकडे पैसे नव्हते म्हणून सुचला.

कॅमेरा कोणता?

जो आहे तो. खर्च करायचाच असेल तर चांगली मॅक्रो लेन्स, म्हणजे बारीक गोष्ट अगदी जवळून टिपणारी, आणि जड ट्रायपॉड.

वाऱ्याने सगळं हलतं. काय करायचं?

पहाटे जायचं. सूर्य वर आला की वारा उठतो आणि मॅक्रोचं काम संपतं. त्यानंतर वाऱ्याशी भांडू नका, वाराच शूट करा. वेग वाढवून, म्हणजे सेकंदाला ६० किंवा १२० फ्रेम घेऊन हळू दाखवला की गवतातल्या लाटा दिसतात.

टाइमलॅप्स, म्हणजे ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेऊन तासांचा काळ सेकंदांत दाखवणं, त्याचं गणित आधी करा. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर दहा सेकंदांच्या शॉटला २४० फ्रेम लागतात. दर पाच मिनिटांनी एक घेतली तर वीस तास. एवढा वेळ बॅटरी, दव आणि एखादं कुतूहलाने भरलेलं हरीण, तिघांनाही तोंड द्यायचं असतं.

आवाजासाठी माइकवर केसाळ वारारोधक टोपी हवीच, आणि माइक गवताच्या आत खाली ठेवा, वर नको. आम्ही पहिल्या वर्षाचा जवळपास सगळा आवाज फेकून दिला. एक सल्ला आणखी, दर महिन्याला दहा मिनिटं नुसता जागेचा आवाज घ्या. जुलैतले कीटक आणि नोव्हेंबरातल्या वाळक्या काड्या यांतला फरक डोळे मिटूनही कळतो, आणि संकलनात एका ऋतूतून दुसऱ्यात जायला यापेक्षा सोपा पूल नाही.

ड्रोन वापरलात?

दोन शॉट. वरून प्रेअरी गालिचासारखी दिसते आणि गालिचात जीव दिसत नाही. एक शॉट मात्र ड्रोनशिवाय होणारच नव्हता. चारी बाजूंनी मक्याच्या सरळ ओळी आणि मध्ये हा वेडावाकडा पोताचा चौकोन.

नियम पाळा. माहितीपटासाठीचं उड्डाण निव्वळ हौसेचं धरलं जात नाही, त्यामुळे विमान वाहतूक खात्याच्या 'पार्ट १०७' खालचं प्रमाणपत्र लागतं, उंचीची मर्यादा साधारण ४०० फूट. राष्ट्रीय उद्यानांच्या जमिनीवरून उडवायला २०१४ पासून बंदी आहे. आणि घरट्यांच्या हंगामात परवानगी असली तरी उडवू नका. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याला वरची घरघर म्हणजे ससाणाच.

परवानग्या किती लागतात?

जमीन कुणाची यावर. राष्ट्रीय उद्यान व्यवस्थेत जानेवारी २०२५ च्या कायद्याने सोय झाली आहे. पाच किंवा कमी माणसं, इतरांना अडथळा नाही, जागेला इजा नाही, अशा अटी पाळल्या तर चित्रीकरणाला वेगळा परवाना लागत नाही. राज्याच्या आणि खाजगी संस्थांच्या राखीव जागांचे नियम निराळे, प्रत्येक ठिकाणी विचारा. दफनभूमी बहुधा स्थानिक विश्वस्तांकडे असते, आणि तिथे अर्जापेक्षा भेट कामाला येते. आमच्या विश्वस्त बाईंचे पणजोबा तिथेच पुरलेले आहेत. त्यांनी आधी आम्हाला गवत कापायला लावलं, मग परवानगी दिली. कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती त्याच दिवशी घ्या. नंतर माणसं सापडत नाहीत, विचार बदलतात, आणि वय झालेली असतील तर जातातही.

दुर्मीळ फुलं कुठे आहेत हे दाखवायचं का?

नाही. ईस्टर्न प्रेअरी फ्रिंज्ड ऑर्किड १९८९ पासून संघराज्याच्या संकटग्रस्त यादीत आहे. पांढरं, झालरीचं फूल, रात्री सुगंध सुटतो, हॉक मॉथ परागीभवन करतात. पतंग पुरेसे नसतात तिथे स्वयंसेवक टूथपिकने परागकण एका फुलावरून दुसऱ्यावर नेतात. पिकल्या केसांची माणसं गुडघ्यांवर बसून हे करताना बघणं हा माहितीपटातला माझा सगळ्यात आवडता प्रसंग. पण फूल उपटून नेणारेही असतात, आणि नुसते फोटो काढायला येणारेही माती तुडवून दाबतात.

म्हणून क्षितिज दिसेल असा शॉट ऑर्किडच्या शेजारी लावायचा नाही. पाण्याची टाकी किंवा धान्याचा सायलो फ्रेममध्ये आला की जागा ओळखता येते. फोटोंमधली जीपीएसची नोंद काढून टाका. हे आमच्याकडून एकदा राहिलं. प्रसिद्धीसाठी पाठवलेल्या एका फोटोत नोंद तशीच होती, नशिबाने दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं.

पैसे कुठून आणले?

थोडे आमचे, थोडे देणग्यांचे, एक लहान अनुदान. स्वतंत्र निर्मात्याला अनुदान देणाऱ्या बहुतेक संस्था व्यक्तीला पैसे देत नाहीत, करमुक्त दर्जाची संस्था मागतात. त्यावर तिथे एक रुळलेली वाट आहे. एखादी ना-नफा संस्था तुमच्या प्रकल्पाची आर्थिक पालक होते, देणग्या तिच्या नावावर येतात, देणाऱ्याला करसवलत मिळते आणि संस्था आपला वाटा कापून बाकीचे तुम्हाला देते. हा वाटा बहुधा ५ ते १० टक्के. करार नीट वाचा, माहितीपटाचे हक्क तुमच्याकडेच राहतात ना ते बघा.

आमचा सगळ्यात मोठा खर्च पेट्रोल. त्यानंतर चुका आणि दाव्यांविरुद्धचा विमा, म्हणजे माहितीपटातल्या एखाद्या चुकीवरून कुणी दावा लावला तर कामी येणारा. प्रसारण करायचं तर तो मागतात, आणि अंदाजपत्रकात तो लिहायला सगळेच विसरतात. सार्वजनिक वाहिन्यांवर भिस्त ठेवणार असाल तर एवढं ध्यानात घ्या, २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचा आधी मंजूर केलेला दोन वर्षांचा सुमारे १.१ अब्ज डॉलर निधी मागे घेतला. जुन्या सल्ल्यांतल्या अनेक वाटा त्यामुळे अरुंद झाल्या आहेत.

बचत एका ठिकाणी नक्की होते, जुन्या चित्रांत. अमेरिकेच्या संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या गोष्टींवर तिथे प्रताधिकार नसतो. एकोणिसाव्या शतकातल्या जमीन मोजणीच्या वह्या तर खजिना आहेत. मोजणीदार मैलामैलाला झाडं नोंदवत जातो आणि मग पानंच्या पानं एकच शब्द, 'प्रेअरी'. आम्ही ती पानं नुसती उलटून दाखवली.

शेतकरी खलनायक दाखवलाय का?

नाही, आणि दाखवला असता तर माहितीपट खोटा झाला असता. फ्लिंट हिल्समधली बहुतेक प्रेअरी खाजगी चराऊ जमीन आहे, पशुपालकांनी ती जाळून आणि चारून टिकवली. आमच्या तुकड्याशेजारचा शेतकरी सुरुवातीला आमच्याशी बोलायचा नाही. दुसऱ्या वर्षी त्याने स्वतःहून सांगितलं की वारा दफनभूमीच्या दिशेने असेल त्या दिवशी तो फवारणी करत नाही. त्याचे वडीलही करत नसत. का, ते त्याला सांगता आलं नाही. आम्ही तो विराम तसाच ठेवला.

मूळनिवासी समाजांबद्दल काही आहे का?

आहे, पण आम्ही उशिरा जागे झालो ही आमची चूक. पहिल्या मसुद्यात ते फक्त निवेदनात होते, भूतकाळात. कॉ लोकांना १८७३ मध्ये कॅन्ससमधून आजच्या ओक्लाहोमात हलवण्यात आलं, कॅन्ससचं नावच त्यांच्यावरून आलं आहे. पण ते आजही आहेत. ओसेज राष्ट्राने २०१६ मध्ये ४३ हजार एकरांचं रँच विकत घेऊन आपल्या जुन्या भूमीचा तुकडा परत मिळवला. अशा समाजाकडे जायचं तर चित्रीकरणाच्या आधी जा, संहिता ठरायच्या आधी. आयत्या वेळी 'एक मुलाखत द्या' म्हणून गेलात तर ते नाही म्हणतील, आणि त्यांचंच बरोबर असेल.

चित्रीकरण चालू असताना जागाच नष्ट होणार असं कळलं तर?

चित्रीकरण थांबवू नका, आणि कायद्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यात प्राण्याला खाजगी जमिनीवरही संरक्षण आहे, वनस्पतीला तिथे सहसा नाही. म्हणजे ऑर्किडपेक्षा माशी जास्त सुरक्षित. तीसुद्धा नेहमी नाही. इलिनॉयमधल्या रॉकफर्ड विमानतळाच्या आवारातल्या बेल बोल प्रेअरीत ऑगस्ट २०२१ मध्ये रस्टी पॅच्ड बंबलबी ही मधमाशीच्या कुळातली माशी सापडली. ही माशी २०१७ पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्यामुळे मालवाहतुकीच्या विस्ताराचं काम थांबलं, लोक जमले, दावे झाले. मार्च २०२३ मध्ये बुलडोझर फिरलेच. इलिनॉयमध्ये १९६३ च्या कायद्याखाली 'नेचर प्रिझर्व्ह' म्हणून जमीन नोंदवली तर भक्कम संरक्षण मिळतं, पण ती नोंद मालकाच्या मर्जीने होते.

अशा वेळी प्रजातींची नोंद करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाला बरोबर घ्या आणि कच्चं फुटेज तारखांसकट दोन ठिकाणी जपा.

गोचिडी?

भरपूर. विजार मोज्यात खोचा आणि रात्री अंग तपासा. बूट येताना नव्हे, जाताना घासून घ्या. तळव्याला चिकटून परकं बी आत जातं.

माहितीपट कुठे दाखवलात?

महोत्सवांना पाठवला, थोड्यांनी घेतला, बऱ्याच जणांनी नाही. खरे प्रेक्षक मिळाले ते ग्रंथालयांत, चर्चच्या तळघरांत आणि एका शेती अवजारांच्या गोदामात. पहिल्या प्रदर्शनाचा मान मोठ्या महोत्सवांना हवा असतो, त्यामुळे गावात आधी दाखवू नका असा सल्ला मिळाला होता. आम्ही गावातच आधी दाखवला. विश्वस्त बाई ८४ वर्षांच्या होत्या.

तुमचा तुकडा नेमका कुठे आहे? बघायला जायचंय.

सांगणार नाही, वर ऑर्किडचं वाचलंत ना. मिडेविन आणि नाचुसा दोन्हीकडे पायवाटा आहेत, तिथे जा. जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये, सूर्योदयाला. पहिल्या अर्ध्या तासात काही दिसलं नाही तर उठू नका.